कॅथरिनाच्या 'नाही'चे काय झाले?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.

शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकावर एक प्रश्न ठरलेला असतो. शेवटच्या प्रवेशातली कॅथरिना खरोखर बदलली आहे, की बदलल्याचे सोंग करीत आहे? गाईडमध्ये दोन्ही बाजूंची उत्तरे मुद्द्यांसह तयार मिळतात. ज्याला जे पाठ होईल ते त्याने लिहावे. पण नाटक दुसऱ्यांदा, शब्दकोश मांडीवर घेऊन सावकाश वाचले तेव्हा मला हा प्रश्नच लंगडा वाटू लागला. ज्या माणसाच्या 'नाही'ला कोणी किंमत देत नाही, त्याच्या 'हो'चा खरेखोटेपणा तपासून हाती काय लागणार? म्हणून कॅथरिना या नाटकात कुठे कुठे 'नाही' म्हणते आणि त्या 'नाही'चे पुढे काय होते, एवढेच मला इथे पाहायचे आहे. माझ्यासारखीने शेक्सपिअरवर मत देणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, हे मी जाणून आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परंतु 'अंकासाठी टिपा नकोत, मत लिहा' असे सरांनी सांगितल्यामुळे धीर केला आहे.

ज्यांचा विषय इंग्रजी नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. इटलीतील पादुआ शहरात बाप्टिस्टा नावाचा श्रीमंत गृहस्थ राहतो. त्याला दोन मुली. थोरली कॅथरिना जिभेने तिखट, हातानेही तिखट. धाकटी बियांका शांत आणि गोड. धाकटीला मागण्या पुष्कळ, पण थोरलीचे झाल्याशिवाय धाकटीचे करणार नाही, असे बाप चारचौघांत जाहीर करतो. (ही अट समजायला आमच्या वर्गात कोणालाही शब्दकोश लागला नाही.) मग व्हेरोनाहून पेट्रुशिओ येतो. वडील वारले आहेत, मालमत्ता हाती आली आहे, आता पैसेवाली बायको हवी. ती म्हातारी असो, कुरूप असो की कजाग असो, त्याची काही हरकत नाही, आणि हे तो लपवीतही नाही. तो कॅथरिनाशी लग्न करतो, तिला आपल्या गावी नेऊन उपाशी ठेवतो, झोपू देत नाही. शेवटी तीच सर्वांत आज्ञाधारक बायको ठरते आणि पेट्रुशिओ पैज जिंकतो. हे नाटक १५९० च्या आसपास लिहिले गेले असे मानतात. छापील स्वरूपात ते १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ'त आले. लिहिले गेले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ होती, जिने अखेरपर्यंत लग्न केले नाही. राज्य एका अविवाहित बाईचे आणि नाटकघरात बायको माणसाळविण्याचा खेळ, ही गंमत मला कोणत्याही गाईडमध्ये आढळली नाही.

कॅथरिना वाईट वागते, हे आधीच कबूल केलेले बरे. ती बहिणीचे हात बांधते, तिला मारते. संगीत शिकवायला आलेल्याच्या डोक्यात वाद्य घालते. पण ती रंगमंचावर आल्यावर पहिल्यांदा काय बोलते ते पाहण्यासारखे आहे. बाप परक्या पुरुषांसमोर म्हणतो, थोरली हवी असेल त्याने थोरलीला मागावे. ते पुरुष हसून तिची टर उडवतात. तेव्हा ती बापाला विचारते की या लोकांत माझे असे हसे करण्याचा तुमचा विचार आहे काय? हा प्रश्न रागाचा असला तरी खुळेपणाचा नाही. त्याला बाप उत्तर देत नाही. नाटकाची सुरुवातच एका न ऐकलेल्या बोलण्याने होते.

पुढे देण्याघेण्याची बोलणी होतात. पेट्रुशिओ मुलीला पाहण्याआधी आकडा विचारतो. बाप सांगतो, आता वीस हजार क्राउन आणि माझ्या मागे निम्मी जमीन. ठरते. मग बाप्टिस्टा एक चांगले वाक्य बोलून जातो. मुलीचे मन मिळाले पाहिजे, तेच मुख्य, अशा अर्थाचे. मला वाचताना बरे वाटले होते. पण त्याच प्रवेशाच्या शेवटी हा गृहस्थ धाकटीचा लिलाव मांडतो. जो जास्त संपत्ती लिहून देईल त्याला बियांकाचे प्रेम मिळेल, असे त्याचे म्हणणे. एक जण शंभर दुभत्या गाई सांगतो, दुसरा जहाजे सांगतो. तेव्हा 'मन मिळाले पाहिजे' याचा त्या घरातला अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. कॅथरिनाला भेटण्यापूर्वी पेट्रुशिओ एकटा उभा राहून आपला बेत प्रेक्षकांना सांगतो. ती शिव्या देईल तर मी म्हणेन, किती गोड गाते. कपाळाला आठ्या घालील तर म्हणेन, दवात भिजलेल्या गुलाबासारखी दिसते. गप्प बसेल तर तिच्या वक्तृत्वाची स्तुती करीन. निघून जा म्हणेल तर आठवडाभर राहायला सांगितल्यासारखे आभार मानीन. आणि लग्नाला नकार देईल तर लग्नाची तारीख विचारीन. शिकविताना हे भाषण विनोदी म्हणून सांगितले जाते, आणि ते विनोदी आहेच, मलाही हसू आले. पण शब्दांत काय ठरले ते पाहा. मुलगी अजून समोर आलेली नाही, तोंडातून अक्षर निघालेले नाही, आणि तिच्या प्रत्येक शब्दाचे भाषांतर आधीच तयार आहे. यापुढे ती काय बोलते याला अर्थ उरत नाही. माझ्या मते सबंध नाटकात पेट्रुशिओचे खरे हत्यार हेच आहे. भूक आणि जागरण नंतर येतात.

भेट होते. दोघांची जुगलबंदी रंगते, शब्दाला शब्द लागतो, आणि कबूल करायला हवे की दोघेही तोडीस तोड आहेत. ती त्याला एकदा मारते. तो म्हणतो, पुन्हा मारलेस तर मीही मारीन. मग तो सरळ सांगतो की तुझ्या बापाने होकार दिला आहे, हुंडा ठरला आहे, तुझी इच्छा असो वा नसो, मी तुझ्याशी लग्न करणार. बाप आणि इतर मंडळी आत येतात. पेट्रुशिओ म्हणतो, रविवारी लग्न. कॅथरिना सगळ्यांसमोर, स्वच्छ शब्दांत म्हणते की रविवारी याला फासावर लटकलेला पाहीन. याहून स्पष्ट नकार कोणत्या भाषेत द्यायचा? तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकाला तो ऐकूही येतो. तो पेट्रुशिओला चिडवतो की ऐक, ती काय म्हणते ते. त्यावर पेट्रुशिओ म्हणतो की आम्ही दोघांनी एकांतात असे ठरवले आहे की चारचौघांत तिने कजागच राहायचे. एकांतात ती फार प्रेमळ होती.

हे ऐकून बाप म्हणतो, काय बोलावे ते मला सुचत नाही, पण हात पुढे करा. हातात हात दिले जातात. साक्षीदार तयारच असतात.

आणि कॅथरिना? ती काहीच बोलत नाही. फासाच्या त्या वाक्यानंतर प्रवेश संपेपर्यंत शेक्सपिअरने तिला एकही ओळ दिलेली नाही. मी तीन वेळा पाने उलटून पाहिली. अख्ख्या पादुआत जिच्या जिभेची दहशत आहे, ती स्वतःच्या लग्नाच्या क्षणी मुकी होते. याचे कारण कोणी रागाचे सांगतात, कोणी मनातल्या मनात आवडल्याचे. मला वाटते, तिला त्या क्षणी कळले की आता काहीही बोलले तरी त्याचा अर्थ होकारच लावला जाणार. 'नाही' म्हटले तर ती ठरल्याप्रमाणे नाटक करते आहे. 'हो' म्हटले तर हो आहेच. गप्प बसली तर लाजली. मग बोलायचे कशाला?

लग्नाच्या दिवशीचा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. नवरा उशिरा येतो, फाटक्या विचित्र कपड्यांत येतो, चर्चमध्ये धर्मगुरूला ठोसा मारतो. मला त्यात फार रस वाटला नाही, धांगडधिंगा आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात राहिल्या. नवरा येत नाही म्हणून कॅथरिना रडते, आणि ती प्रेमभंगाने रडत नाही. लोक बोट दाखवून हसतील म्हणून रडते. दुसरी गोष्ट जेवणाची. लग्न लागल्यावर ती म्हणते, आपण मेजवानीला थांबू. प्रथम विनंती करते, मग हट्ट धरते. तेव्हा तो तिला आपली मालमत्ता म्हणून जाहीर करतो. घर, शेत, कोठार, घोडा, बैल, गाढव या यादीत तिला बसवतो आणि जणू दरोडेखोरांपासून वाचवीत आहे अशा थाटात उचलून नेतो. स्वतःच्या लग्नाचे जेवण तिला मिळत नाही. ही यादी नुसती थट्टा नव्हती. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू नवऱ्याची होत असे, आणि हा कायदा नीट बदलायला १८८२ साल उजाडावे लागले.

सुट्टीत घरी गेले असताना एका संध्याकाळी मी ही कथा आईला सांगत होते. ती तांदूळ निवडत होती. आई शाळेत गेलेली नाही. शेक्सपिअर हे नाव तिने माझ्याच तोंडून ऐकलेले. मी पेट्रुशिओच्या घरचा भाग सांगितला. ताट येते, तो मांस करपले म्हणून फेकून देतो. बिछाना घातला जातो, तो नीट घातला नाही म्हणून उशा-पांघरुणे इकडे तिकडे टाकतो. हे सगळे बायकोच्या काळजीने चालले आहे असा आव. मग सूर्याचा आणि चंद्राचा प्रसंग, मग पैज, असे मी घाईघाईने सांगत गेले, कारण शेवट सांगायची मला उत्सुकता होती. आईने शेवटाबद्दल काहीच विचारले नाही. सुपातली नजर न उचलता ती म्हणाली, "मग ती जेवली कधी?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून बसले. चौथ्या अंकात एका प्रवेशात कॅथरिना पेट्रुशिओच्या नोकराकडे खायला मागते. तो तिला पदार्थांची नावे सांगून झुलवतो. शेवटी म्हणतो, मांसाबरोबरची मोहरी घ्या, मांस नको. श्रीमंताची मुलगी नोकराच्या विनवण्या करते आहे आणि प्रेक्षक हसत आहेत. याच ठिकाणी तिच्या तोंडी काही ओळी आहेत. ती म्हणते की माझ्या बापाच्या दारी भिकारी आला तरी त्याला भीक मिळते. मला मागणे कधी माहीत नव्हते, मागायची वेळ कधी आली नव्हती, ती मी आज अन्नावाचून आणि झोपेवाचून आहे. आणि सगळ्यांत जास्त हे सलते की तो हे प्रेमाच्या नावाखाली करतो. मग ताट येते. पण 'आभारी आहे' म्हटल्याशिवाय ते मिळणार नाही. ती आभार मानते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या हॉर्टेन्शिओला पेट्रुशिओ हळूच सांगतो, सगळे तूच संपव.

पोटभर जेवण तिच्यासमोर दिसते ते एकदम पाचव्या अंकात, ल्युसेन्शिओच्या घरच्या मेजवानीत. तिथे पेट्रुशिओ कुरकुरतो की इथे नुसते बसायचे आणि खायचे, दुसरे काही नाही! आईच्या प्रश्नाने हे वाक्य मला सापडले, एरवी मी त्यावरून पुढे गेले असते.

पेट्रुशिओ स्वतः या पद्धतीचे नाव सांगतो. शिकारीसाठी ससाणा माणसाळवतात तशी. पाखराला उपाशी ठेवायचे, जागे ठेवायचे, म्हणजे ते मालकाच्या हाकेला येते. त्याच्या बाजूने लोक सांगतात की तो तिच्यावर एकदाही हात उचलत नाही. हे खरे आहे, आणि त्या काळाच्या मानाने ते थोडेही नाही. शेक्सपिअरच्या आधीच्या एका लांबलचक इंग्रजी गीतकथेत नवरा कजाग बायकोला रक्तबंबाळ होईपर्यंत मारतो आणि मीठ लावलेल्या घोड्याच्या कातड्यात गुंडाळतो. १५६३ साली इंग्लंडच्या चर्चमध्ये वाचून दाखविण्यासाठी विवाहावर एक प्रवचन तयार झाले होते. त्यात बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असे सांगितले आहे, पण नवऱ्याने बायकोला मारू नये असेही बजावले आहे. शेक्सपिअरने काठी काढून टाकली, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. परंतु काठीचा वळ दिसतो, शेजारी विचारतात. रिकाम्या ताटाचा वळ उठत नाही.

टोपीचा प्रसंग मला या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पुन्हा ते भाषांतर होते. टोपीवाला टोपी आणतो. कॅथरिना म्हणते, मला आवडली, मला हीच हवी. मग ती म्हणते की मी लहान मूल नाही, मला बोलू द्या. मनातला राग जिभेवर आला नाही तर काळीज फुटेल. इतके मनापासूनचे बोलणे तिच्या तोंडी दुसरीकडे नाही. पेट्रुशिओचे उत्तर असे की तू म्हणतेस ते अगदी बरोबर, टोपी अगदीच टाकाऊ आहे, तुला आवडली नाही हे मला फार आवडले! प्रेक्षक खो खो हसतात. तिने विरोध केला नसता तर निदान तिचा पराभव झाला नसता. इथे तर तिचे बोलणेच तिच्याकडून काढून घेतले आहे.

म्हणूनच माहेरच्या वाटेवर तो सूर्याला चंद्र म्हणतो तेव्हा ती का हरते ते मला समजते. तिला तर्क कळत नाही असे नाही. बरोबर असलेला हॉर्टेन्शिओ तिला सांगतो की तो म्हणतो तसे म्हणा, नाहीतर आपण कधी पोचणारच नाही. म्हणजे वाटेतला तिऱ्हाईत माणूससुद्धा नवऱ्याला काही सांगत नाही, बायकोला समजावतो. ती म्हणते, सूर्य म्हणा, चंद्र म्हणा, मेणबत्ती म्हणा, तुम्ही म्हणाल ते. काही टीकाकारांना इथे तिचा खेळकरपणा दिसतो. असेल. थकलेले माणूसही कधी कधी हसून बोलते.

आता पैज. तीन नवरे आपापल्या बायकांना बोलावणे धाडतात. बियांका कळवते की मी कामात आहे. हॉर्टेन्शिओची नवी बायको विधवा आहे, तिच्याजवळ स्वतःचा पैसा आहे. ती उलट नवऱ्यालाच बोलावते. कॅथरिना ताबडतोब येते आणि नाटकातले सर्वांत लांब भाषण करते. नवरा म्हणजे राजा, बायको म्हणजे प्रजा. आणि शेवटी नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायची तयारी. बाप खूश होऊन आणखी वीस हजार क्राउन देतो. वेगळ्याच मुलीला वेगळा हुंडा, म्हणतो.

सगळे टीकाकार या भाषणाकडे बघतात. मला त्या दोन नकारांकडे बघावेसे वाटते. सबंध नाटकात बाईचे 'नाही' हे 'नाही' म्हणूनच ऐकले गेले अशा ठळक जागा याच. एकीने आपला नवरा लपूनछपून का होईना स्वतः निवडला होता. दुसरीच्या हातात स्वतःची मिळकत होती. त्यांनी न येण्याचे धाडस केले, आणि त्या उपाशी राहणार नव्हत्या. बियांका तर नवऱ्याला म्हणते की माझ्या आज्ञाधारकपणावर पैज लावलीस हा तुझाच मूर्खपणा. नाटकभर मुकी राहिलेली मुलगी शेवटी बोलते आणि बोलकी मुलगी दुसऱ्याचे बोल बोलते. तिचे भाषण खरे की खोटे हे मी ठरवणार नाही. १९२९ च्या चित्रपटात मेरी पिकफर्डने हे भाषण करून बहिणीला डोळा मारला, म्हणजे सगळे ढोंग होते असे दाखवले. डोळा मारल्याने आपल्याला बरे वाटते, तिच्या ताटात काही वाढले जात नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो ठाऊक आहे, कारण वर्गात तो आलाच. हा फार्स आहे, त्यात हाडामांसाची माणसे शोधू नयेत, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकाला आजचे माप लावू नये. दुसऱ्या भागाचे उत्तर शेक्सपिअरच्या काळातच मिळाले आहे. १६११ च्या सुमारास जॉन फ्लेचरने या नाटकाचा उत्तरभाग लिहिला. त्यात कॅथरिना मेलेली आहे, पेट्रुशिओने दुसरे लग्न केले आहे, आणि ही दुसरी बायको मरिया त्याला दाराबाहेर ठेवून वठणीवर आणते. १६३३ साली ही दोन्ही नाटके दोनच दिवसांच्या अंतराने राजा पहिल्या चार्ल्ससमोर झाली, आणि फ्लेचरचे अधिक आवडले अशी नोंद आहे. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही इथे काहीतरी अर्धे राहिले असे वाटत होते. बर्नार्ड शॉने १८९७ साली शेवटच्या प्रवेशावर कडक टीका केली, ती तर पुष्कळ नंतरची.

शेक्सपिअरला हे सगळे कळत होते काय? मला वाटते, कळत होते. माझा पुरावा नाटकाच्या प्रास्ताविकात आहे, जे बहुतेक ठिकाणी गाळून शिकवतात. क्रिस्टोफर स्लाय नावाचा एक कल्हईवाला दारू पिऊन रस्त्यात पडलेला असतो. एक सरदार गंमत म्हणून त्याला वाड्यात नेतो, मऊ बिछान्यावर निजवतो आणि जाग आल्यावर सगळे नोकर त्याला सांगतात की आपण सरदार आहात, इतकी वर्षे वेडाच्या भरात स्वतःला कल्हईवाला समजत होतात. तो बिचारा सांगतो, मी स्लाय, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, दारूवालीला विचारा मी तिचे किती देणे लागतो ते. ते म्हणतात, हाच तो आजार! शेवटी त्याला पटते. त्याच्या शेजारी सरदाराचा एक पोरगा बायकोचे कपडे घालून 'आपली आज्ञाधारक पत्नी' म्हणून बसतो, आणि मग त्यांच्यासमोर कॅथरिनाचे नाटक सुरू होते. त्या काळी इंग्लंडच्या नाटकघरांत बायकांच्या भूमिका मुलगेच करीत. १६६० पर्यंत तसेच चालले. म्हणजे आज्ञाधारक बायको कशी बनवतात ते शेक्सपिअरने आधीच उघडे करून दाखवले आहे. एक झगा, आणि पाठ केलेली वाक्ये. स्लायला पोटभर खाऊपिऊ घालून तू अमका आहेस हे पटवतात, कॅथरिनाला उपाशी ठेवून. दोघांनीही आपण कोण ते स्वतः सांगितले होते. एक गरीब, एक बाई. त्यांचे म्हणणे कोणी धरले नाही. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी योगायोगाने आले असतील असे मला वाटत नाही. मात्र पहिल्या प्रवेशानंतर शेक्सपिअर स्लायला विसरून जातो आणि हशा पेट्रुशिओच्या पदरात टाकतो. ही त्याची माझ्या लेखी मोठी उणीव आहे. १५९४ साली छापलेल्या, याच कथेच्या दुसऱ्या एका नाटकात स्लाय शेवटी जागा होतो आणि आता बायकोला ताळ्यावर कसे आणायचे ते कळले म्हणून घरी निघतो. प्रेक्षक नाटकातून काय शिकून जातात हे त्या नाटककाराने तरी दाखवले.

हे नाटक मराठीत आले ते 'त्राटिका' या नावाने. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिले, शाहूनगरवासी मंडळीने ते गाजवले, गणपतराव जोशी त्यात प्रतापराव होत. नाव मोठे हुशारीने निवडले आहे. त्राटिका ही रामायणातली राक्षसी, रामाच्या हातून मरणारी. तेव्हा पडदा उघडण्यापूर्वीच न्याय कोणाच्या बाजूने ते ठरले. आमच्या आजीला नाटक माहीत नाही, शब्द मात्र रोज लागतो. साधारण त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, आपण नांदायला जाणार नाही, असे त्या म्हणाल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने, नंतरचा विरुद्ध; १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. तो नकार भाषांतर न होता टिकला, पण केवढ्या किमतीला. ज्या देशात कॅथरिना जन्मली तिथे नवऱ्याला दिलेला बायकोचा नकार शरीरसंबंधापुरता कायद्याने मानायला १९९१ साल उजाडले. आपल्याकडे २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्यासाठीचा तो अपवाद तसाच ठेवण्यात आला.

शेवटी एक सूचना. आमच्या वर्गातील काही जण येत्या स्नेहसंमेलनात या नाटकाचा पैजेचा प्रवेश मराठीत करायचा म्हणत आहेत. जरूर करावा, टाळ्या मिळतील. पण त्याआधी चौथ्या अंकातला खाण्याचा आणि टोपीचा प्रवेश करावा. दोन्ही मिळून अर्ध्या तासाच्या आत बसतील. सामान फारसे लागत नाही: एक टोपी, एक झगा, एक ताट. झगा माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे आहे. पैजेच्या प्रवेशात बायका दुसऱ्या खोलीत शेकोटीपाशी गप्पा मारीत बसलेल्या आहेत असे मूळ नाटकात आहे. तिथे कॅथरिनाच्या हातात ते ताट द्यावे आणि नोकराचे बोलावणे येईल तेव्हा ते अर्धेच संपलेले असावे. त्यानंतर तिने भाषण कसे म्हणायचे, ते जी मुलगी भूमिका करील तिच्यावर सोडावे.